सात घरांचा चौक

गेल्या बैठकीत हप्ते गोळा झाले, कर्जाचे अर्ज झाले, आणि उठता उठता एका ताईने विचारलं, "पोरांनी खेळायचं कुठे?" आमच्या कळंबोलीत लोखंड बाजार आहे, त्यामुळे ट्रक-ट्रेलर पाचवीला पुजलेले. घरापुढे टेम्पो उभे. मुलगे लांबच्या मैदानावर जातात, मुली गॅलरीतून बघत राहतात.

मला बेलापूर आठवलं. खारघर ओलांडलं की आलंच.

नवी मुंबईची कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. गावांच्या जमिनी गेल्या, सेक्टर उभे राहिले. ती हकिगत वेगळी, आणि मोठी. पुढे याच कोरियांनी १९८३ ते १९८६ मध्ये सिडकोसाठी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत उभी केली. सात घरं आणि मधे चौक, आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. एक नऊवारी उभं पसरा, दुसरं आडवं, तेवढाच. दारात तांदूळ निवडणाऱ्या बाईची नजर चारही कोपऱ्यांत पोचते. असे तीन गट जोडून एकवीस घरं, त्यांना बारा मीटरचं आणखी एक अंगण. त्यापुढे त्याहून मोठी मोकळी जागा. रांगतं मूल पहिल्या चौकात, सायकल शिकणारं दुसऱ्यात, असा मी त्याचा अर्थ लावते. आपल्या गावाकडच्या आळीत वेगळं काय होतं?

घरं एकमेकांना चिकटून नव्हती, म्हणून लोकांना ती वाढवता आली. पुष्कळांनी पाडून मजले चढवले.

तिकडे हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला आल्डो व्हान आइक यांनी १९४७ पासून गल्लीबोळांतल्या पडीक जागांवर शेकडो खेळजागा केल्या. वाळूचा हौद, उड्या मारायला दगड, लोंबकळायला लोखंडी दांडे, बसायला बाक. महागडं काही नाही. मला त्यातला बाक जास्त महत्त्वाचा वाटतो. आई बसली की मूल उशिरापर्यंत खेळतं.

परवा सासूबाईंचं लुगडं घेऊन आम्ही दोन इमारतींमधली जागा मोजली. लुगडं उभंही बसलं, आडवंही. तिथे दोन टेम्पो असतात. त्यातला एक आमच्याच गटाच्या अध्यक्षबाईंच्या मालकांचा. रविवारी त्यांच्याशी बोलायचं ठरलंय, आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, सुरुवात मीच करते.