सोन्याचा मुलामा आणि ध्वनी

जयपूरच्या जुन्या कोटाबाहेर, वायव्येच्या अंगाला झोटवाडा ही वस्ती आहे. कारखाने, गोदामे आणि नोकरदारांची घरे यांची तेथे दाटी आहे. तेथल्या काय किंवा आपल्या नाशिक-सोलापूरच्या काय, मोबाइलच्या सामानाच्या दुकानात दोन तऱ्हांचे हेडफोन टांगलेले दिसतात. एकाच्या तारेच्या टोकाची खुंटी रुपेरी असते, दुसऱ्याची पिवळी. दुकानदार तिला पिन म्हणतो, वेष्टनावर प्लग असे छापलेले असते. पिवळीला पैसे अधिक पडतात, कारण तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे आणि त्यामुळे ध्वनी अधिक शुद्ध येतो, असे वेष्टन सांगते. या विधानाचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो. उत्तरार्धाची मात्र चौकशी केली पाहिजे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

श्रोतेहो, ही खुंटी मुळात संगीताची नव्हेच. १८७८ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे टेलिफोनचे पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले. १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथेही एक्स्चेंजे उघडली. एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडायची, तर फळ्यापुढे बसलेल्या माणसाने दोरीच्या टोकाची खुंटी उचलून योग्य भोकात खोचायची, हा व्यवहार लवकरच रूढ झाला. ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. ती खुंटी पाव इंच जाडीची, पितळेची असे. पुढे १९७९ साली सोनी कंपनीचा वॉकमन आला आणि तिची साडेतीन मिलिमीटरची धाकटी बहीण लोकांच्या खिशात जाऊन बसली.

पितळेचे जुने काम निभत असे, याला दोन कारणे होती. खुंटी दिवसातून कित्येकदा आतबाहेर होई आणि घासून आपोआप स्वच्छ राही. शिवाय एक्स्चेंजच्या बॅटरीचा दाब दोन-चार डझन व्होल्टांचा असल्यामुळे धातूवर चढलेला मळाचा पातळ पापुद्रा तो भेदून जाई. हेडफोनची गोष्ट वेगळी आहे. हळू आवाजात ऐकताना तेथे व्होल्टचा एखादा शंभरावा हिस्साच खेळत असतो. एवढ्या दुबळ्या दाबाला पापुद्राही भिंतीसारखा आडवा येतो. ट्रान्झिस्टरच्या युगात अशा अल्पदाबाच्या जोडण्या सर्वत्र झाल्या, आणि सोन्याला सराफकट्ट्याबाहेर नवी नोकरी मिळाली ती येथे.

मुलाम्याची विद्या अर्थात फार जुनी. पाऱ्यात सोने कालवून तो लेप तांब्यावर चढवायचा आणि तापवून पारा उडवून द्यायचा, ही पूर्वीची रीत. पाऱ्याच्या वाफेने कारागिरांच्या शरीराची जी हानी होई, तिचा हिशेब कोणी ठेवला नाही. १८०० साली व्होल्टाने विद्युत्घट जाहीर केला आणि पाचच वर्षांत, १८०५ मध्ये, पाविया येथील ब्रुन्यातेल्ली यांनी विजेच्या साहाय्याने चांदीच्या पदकांवर सोने चढवून दाखविले. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन या चुलतभावांनी सायनाइडच्या द्रावणाची कृती पेटंट करून तिचा धंदा उभारला. आज खुंटीवर सोने चढते ते याच मार्गाने.

आता कळीची बाब. सोने हा विजेचा सर्वांत उत्तम वाहक आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. चांदी पहिली, तांबे तिच्या खालोखाल, आणि सोने तिसरे. तांब्याच्या सुमारे सत्तर टक्के इतकीच त्याची वाहकता भरते. तेव्हा वाहकतेसाठीच धातू निवडायचा, तर खुंटी तांब्याचीच का करू नये? उत्तर असे, की तांबे काळवंडते, हवेतल्या गंधकाने चांदीही काळी पडते, सोने मात्र जसेच्या तसे राहते.

हा गुण पाहायचा असेल तर झोटवाड्याहून जयपूरच्या जोहरी बाजाराकडे यावे. तेथील कुंदनकाम प्रसिद्ध आहे. अत्यंत शुद्ध केलेल्या सोन्याच्या पातळ पट्ट्या लाखेत बसविलेल्या रत्नाभोवती दाबतात, आणि ते सोने विस्तव न लावता, डाग न देता परस्परांत मिसळून एकजीव होते. आपला ‘कोंदण’ हा शब्द याच गोतातला. हे सांधणे साधते, कारण दोन पृष्ठांच्या मध्ये गंजाचा पापुद्रा नसतो आणि धातू धातूला थेट भेटतो. कारागिराला हवा असलेला हाच गुण विद्युत्-जोडणीलाही हवा असतो. फक्त खुंटीने भोकात चिकटून बसता कामा नये. म्हणून चांगल्या जोडण्यांच्या सोन्यात किंचित कोबाल्ट किंवा निकेल घालून ते कठीण करतात. जे कुंदनकाराला दूषण, ते येथे भूषण ठरते.

मग ध्वनीत किती फरक पडतो? हिशेब सोपा आहे. सामान्य हेडफोनचा विद्युत्-अवरोध ३२ ओहम धरू. स्वच्छ खुंटीच्या सांध्याचा अवरोध ओहमच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे ०.०२ ओहम धरला, तरी तो एकूण अवरोधाचा सोळाशेवा हिस्सा झाला. त्याने आवाजात पडणारा फरक एका डेसिबेलच्या शंभराव्या भागापेक्षा कमी असतो. तयार कानालाही निम्म्या डेसिबेलच्या आतला फरक क्वचितच कळतो. खुंटी रुपेरी असो वा पिवळी, दोन्ही स्वच्छ असतील तर गवई तोच आणि गळाही तोच. उंची कानसेनांना हे मान्य होणार नाही, पण त्यांनी डोळे मिटून परीक्षा द्यावी.

सांधा मळला म्हणजे चित्र पालटते. खरखर सुरू होते, एक कान मुका होतो. सर्वांत चमत्कारिक प्रकार होतो तो खुंटीच्या बुडाकडील वलयाचा संबंध तुटला तर. ती दोन्ही कानांची सामाईक परतीची वाट. ती बंद झाली, की दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आवाज, म्हणजे बहुधा गायकाचा, जवळजवळ नाहीसा होतो आणि साथीची वाद्ये तेवढी पोकळ वाजत राहतात. सोने या आपत्तीला लांब ठेवते.

परंतु किती काळ? येथे खरेदीच्या कागदांचा माझा सराव उपयोगी पडतो. ‘सोन्याचा मुलामा’ एवढ्या शब्दांना काही अर्थ नाही, जाडी विचारावी लागते. चांगल्या औद्योगिक जोडणीवर पाऊण मायक्रॉन किंवा अधिक जाडीचे कठीण सोने, त्याखाली निकेलचा थर आणि त्याखाली पितळ असते. स्वस्त मालावर सोन्याची नुसती झाक असते. ती मायक्रॉनचा दहावा भाग धरली, म्हणजे जवळजवळ मिठाईवरच्या वर्खाइतकी, तर एका ग्रॅम सोन्यात तीन हजारांहून अधिक खुंट्या न्हाऊन निघतात. हे सोने घासले जाते, आणि घासण्यापूर्वीही त्याला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या दमट हवेत, घामट हातात, त्या छिद्रांतून खालचा धातू गंजू लागतो, आणि वर सोने असल्यामुळे विद्युत्-रासायनिक नियमाने अधिकच जोराने गंजतो. जयपूरच्या कोरड्या हवेत गंजाचे भय कमी, पण वाळूची धूळ मुलामा खरवडते. पितळ उघडे पडणे हा आपला वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा होतो. भोकातला धातू निकेलचा असेल तर त्याच्यावरील पापुद्रा राहतोच, आणि खुंटीच्या सोन्याचा लाभ अर्धाच पदरात पडतो.

शिवाय हेडफोन बहुधा खुंटीच्या धातूमुळे मरत नाहीत. मानेपाशी, जेथे तार खुंटीत शिरते तेथे, वाकून वाकून आतले तांब्याचे तंतू तुटतात. तेथे रबराची चांगली लांब, लवचीक मान आहे की नाही, हे दुकानात पाहणारे थोडे. मळलेल्या खुंटीला स्पिरिटचा बोळा पुरतो. सॅंडपेपर मात्र लावू नये.

२०१६ साली ॲपल कंपनीने आपल्या फोनमधून हे भोकच काढून टाकले, आणि पुढे इतर अनेकांनी तोच कित्ता गिरवला. सोने मात्र फोनमधून गेलेले नाही. सिमकार्डावरचे पिवळे चौकोन पाहावेत. त्यांच्यावर तोच मुलामा आहे, आणि त्याची जाहिरात कोणी करीत नाही.