जिनचे अठरा महिने

एरवी लढायांच्या गोष्टी सांगणारा हा म्हातारा फौजी आज एका पॉप गायकावर बोलणार, म्हणून भुवया उंचावू नका. दोष माझ्या नातीचा. तिच्या भिंतीवर बीटीएसच्या सात पोरांचं पोस्टर आहे. एकदा म्हणाली, "आजोबा, हा जिन पण फौजेत होता." मग मी खुर्ची ओढून बसलोच.

किम सोकजिन, जन्म ४ डिसेंबर १९९२. शिकत होता अभिनय. कंपनीच्या माणसानं रस्त्यात चेहरा पाहून हेरला. १३ जून २०१३ ला बँड लोकांपुढे आला, २०२० मध्ये 'डायनामाइट' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं. सातांत हा थोरला, त्यामुळे सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा आधी त्याच्याच दारात आला.

कोरियातलं युद्ध २७ जुलै १९५३ ला थांबलं, पण तो नुसता युद्धविराम. शांतता करार आजतागायत नाही. त्या वेळी पानमुनजोमजवळच्या युद्धकैद्यांची जबाबदारी आपल्या कस्टोडियन फोर्सवर होती आणि तिचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. असो, थोरातसाहेबांवर वेगळा भाग करावा लागेल.

तर तिथे धडधाकट तरुणाला सेवा चुकत नाही. पण ऑलिम्पिक पदक किंवा आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण मिळालं, की जवळजवळ सूट. फुटबॉलपटू सोन ह्युंग-मिन २०१८ च्या सुवर्णामुळे तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणावर सुटला. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक स्पर्धा जिंकणाऱ्यांनाही सूट. पॉपवाल्यांना मात्र नाही. २०२० च्या दुरुस्तीनं फक्त वयाच्या तिशीपर्यंत मुदत वाढली. मला विचाराल तर हा तराजू वाकडाच आहे. व्हायोलिनला एक माप आणि पॉपला दुसरं, हे कुठलं गणित?

पण मी पलटणीत काढलेली वर्षंही आठवतात. जवान थंडी सोसतो, रद्द झालेली सुट्टी सोसतो. 'त्याला सूट, मग मला का नाही?' हे त्याला सोसत नाही. तिथल्या संसदेत वाद चालू असतानाच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, कंपनीनं जाहीर केलं की जिन जाणार. मिळालेली मुदतही त्यानं स्वतः अर्ज करून सोडली. १३ डिसेंबरला, डोकं भादरून, उत्तर सीमेलगतच्या योनचोनमध्ये ५ व्या इन्फंट्री डिव्हिजनच्या प्रशिक्षण केंद्रात हजर. पुढे तिथेच साहाय्यक कवायत प्रशिक्षक झाला. हे काम सोपं समजू नका. रिक्रुट पहाटे उठायच्या आधी प्रशिक्षक तयार असावा लागतो, आणि घसा बसला तरी हुकूम खणखणीत निघावा लागतो. गाणाऱ्याच्या गळ्याचं काय झालं असेल, हे मी नातीला विचारलं. तिच्याकडे उत्तर नव्हतं.

१२ जून २०२४ ला तो बाहेर आला तेव्हा फाटकाशी त्याचा साथीदार आरएम सॅक्सोफोनवर 'डायनामाइट' वाजवत होता. दुसऱ्याच दिवशी यानं सोलमध्ये हजार चाहत्यांना एकेक करून मिठी मारली. बाकीचे सहाही पाठोपाठ सेवेत गेले. जून २०२५ मध्ये शेवटचा मोकळा झाला. नातीनं ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवली होती, माझ्या निवृत्तीची तारीख तिच्या आजीनं केली होती तशीच.