महापालिकेचं बजेट आणि आपला मोहल्ला: सुरक्षिततेचा पैसा कुठून येतो, कुठे जातो?

गल्लीतला दिवा महिनाभर बंद असतो. क्लासवरून परतणाऱ्या मुली अंधारातून चालतात, आणि काही घडलं की सगळे पोलीस ठाण्यात धावतात. पण त्या दिव्याचा पैसा पोलिसांकडे नसतो. तो महापालिकेच्या अर्थसंकल्पात असतो. कोणतं काम कुणाच्या बजेटमध्ये येतं, हे माहीत नसल्याने अनेक मागण्या चुकीच्या टेबलावर पडून राहतात.

पोलीस राज्याचे, दिवे महापालिकेचे

राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय आहे. शिपायांचे पगार आणि ठाण्याचा खर्च राज्याच्या गृह विभागातून होतो. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय दिले. त्यात अग्निशमन, पथदिवे, सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, उद्यानं, सार्वजनिक शौचालयं आणि दफनभूमी आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६३ महापालिकेची बंधनकारक कामं सांगतं, तर कलम ६६ ऐच्छिक कामं. दिवाबत्ती, साफसफाई, फायर ब्रिगेड ही बंधनकारक कामं आहेत. मुंबईसाठी १८८८ चा वेगळा कायदा आहे.

पैसा येतो कुठून?

मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचं शुल्क आणि सरकारी अनुदान हे मुख्य मार्ग. जीएसटी आल्यावर १ जुलै २०१७ पासून मुंबईतली जकात बंद झाली, त्याबदल्यात राज्याकडून भरपाई मिळते. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं. भिवंडी, मालेगावसारख्या यंत्रमागाच्या शहरांची ऐपत याच्या जवळपासही नाही. तिथे सरकारी अनुदानावर जास्त भिस्त असते.

महसुली आणि भांडवली

बजेटचे दोन भाग असतात. पगार, वीजबिल, नालेसफाई, दिव्यांची देखभाल हा महसुली खर्च. नवा रस्ता, नवं फायर स्टेशन, नवा दवाखाना हा भांडवली खर्च. इथेच मोठी मेख आहे. दवाखान्याची इमारत भांडवली पैशातून उभी राहते, पण डॉक्टर आणि औषधांची महसुली तरतूद नसेल तर दाराला कुलूपच दिसतं. म्हणून नुसतं ‘बांधून द्या’ म्हणू नका. ‘चालवणार कोण, कोणत्या पैशातून?’ हेही विचारा.

आग आणि जुन्या इमारती

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी बिल्डिंग कोसळली, तीसहून जास्त जीव गेले. मुंबई शहर भागातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीचं काम म्हाडाच्या मंडळाकडे आहे. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यातली ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामी करायची इमारत. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचं आहे.

आगीचं तसंच. गाडी, जवान, पाणी हे महापालिकेचं काम. पण २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची आणि वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. त्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. मदरसा, शादी हॉल, शाळा चालवणाऱ्या ट्रस्टींनी हे आजच तपासावं. अरुंद गल्लीत वेड्यावाकड्या लावलेल्या बाईकमुळे बंब अडला, तर बजेट कितीही मोठं असो, उपयोग शून्य.

कब्रस्तानचा प्रश्न

दफनासाठी जागा देणं ही मेहेरबानी नाही, कायद्याने ठरवलेलं कर्तव्य आहे. गोवंडीच्या कब्रस्तानाबाबतच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये महापालिकेला हेच सुनावलं. जमीन संपादन, कुंपण, दिवे, पाणी यासाठी तरतूद मागायचा हक्क प्रत्येक मोहल्ल्याला आहे.

मागणी कधी आणि कुठे करायची?

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्त साधारण फेब्रुवारीत अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, मग ते महासभेत मंजूर होतं. पण खात्यांची आकडेमोड त्याआधी काही महिने सुरू असते. मार्चमध्ये मोर्चा काढून फारसं काही हाती लागत नाही. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून प्रभागातली कामं सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. इतर शहरांतही वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज देता येतोच.

* ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये अर्ज द्या, पोचपावती घ्या, नगरसेवकाला प्रत द्या.
* अर्जात ‘विकास करा’ असं मोघम लिहू नका. गल्लीचं नाव, खांबांची संख्या, गटाराची लांबी लिहा.
* बजेट आल्यावर आपलं काम कोणत्या लेखाशीर्षात आहे ते शोधा.
* वर्षाअखेर तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, हे माहिती अधिकारात विचारा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. कागदावरची तरतूद म्हणजे झालेलं काम नव्हे. न वापरलेला पैसा सुधारित अंदाजात दुसरीकडे वळू शकतो, आणि आपली गल्ली अंधारातच राहते. कराचा पैसा ही अमानत आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टी वेळेवर भरणं आपलं काम, तसंच हिशेब मागणंही आपलंच काम. मशीद कमिटी, महिला बचत गट आणि मोहल्ल्यातली शिकलेली पोरं वर्षातून दोनदा एकत्र बसली, तरी बरंच काही बदलू शकतं.