कोयता आणि देवाची लाकडे

‘विश्वसाहित्य’ हा शब्द ऐकला, की हा विद्वानांचा विषय, असे पुष्कळांस वाटते. १८२७ साली जर्मन कवी गटे याने तो प्रचारात आणला. १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात त्याचा उल्लेख आला. १९०७ साली रवींद्रनाथांनी त्यावर कलकत्त्यास व्याख्यान दिले. आम्हां चळवळीतल्या माणसांना मात्र त्याची चव साने गुरुजींच्या ‘दुःखी’ने दाखविली.

व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’ ही फ्रेंच कादंबरी १८६२ सालची. बहिणीची सात लेकरे उपाशी, म्हणून जाँ व्हालजाँ एक पाव चोरतो. पुढे पळून जाण्याच्या प्रयत्नांची शिक्षा मिळून १९ वर्षे बंदिवासात जातात. खानदेशातील शेतकरी-कामगारांत वावरलेल्या गुरुजींनी हीच कथा मराठीत आणावी, यात नवल ते काय?

पण फ्रेंच पुस्तके आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या खांद्यावर बसून आली आणि फ्रेंच म्हणजे पॅरिस, असा आपला समज झाला. फ्रेंच राज्याखाली भरडलेल्या लोकांनीही त्याच भाषेत लिहिले, हे आपण विसरलो. सेनेगलचा उस्मान सेंबेन मार्सेय बंदरात गोदी कामगार होता. शिकला तो स्वतःच्या बळावर. आपल्या गिरणी कामगार अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. सेंबेनची ‘देवाची लाकडे’ १९६० ची. तिचा विषय डाकार-नायजर रेल्वेचा संप. गोऱ्या नोकरांना मिळणारे हक्क आफ्रिकी कामगारांनाही मिळावेत, म्हणून ऑक्टोबर १९४७ ते मार्च १९४८ तो चालला. त्याच महिन्यांत आपला मराठवाडा निजामी राजवटीशी झुंजत होता.

या कादंबरीच्या नावाचा अर्थ ऐका. जित्या माणसांची मोजदाद केली तर त्यांचे आयुष्य घटते, अशी तिकडची समजूत. म्हणून माणसे न म्हणता ‘देवाची लाकडे’ मोजायची. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला निघालेली माणसे मुकादम कशी मोजतो? नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. तिकडे आयुष्य घटू नये म्हणून माणसाला लाकूड म्हणतात. येथे माणसाचे हत्यार करून टाकतात, आणि उचल नवऱ्याच्या हाती पडते. बाईच्या घामाचा निराळा हिशेब नाही. सेंबेनच्या कादंबरीत बायका थिएसहून डाकारपर्यंत पायी मोर्चा नेतात आणि संपाला बळ येते. आम्ही संघटनेत इतकी वर्षे घालविली. बायकांना सभेत मागे बसविले, ही चूक आमचीही आहे. ती आम्हांस एका परक्या कादंबरीने दाखविली.

मार्च २००७ मध्ये ४४ लेखकांनी ‘ल माँद’ या दैनिकात जाहीर केले, की फ्रेंच साहित्याची मालकी एकट्या पॅरिसकडे नाही. हे योग्यच झाले. परंतु बाहेरचे आपण वाचावे आणि आपले कोणी वाचू नये, हा एकतर्फी व्यवहार झाला. कोयत्यावर गेलेल्या एखाद्या बाईने आपली हकीकत लिहावी, ती डाकारच्या कामगाराच्या हाती पडावी आणि त्याला त्यात आपली बहीण दिसावी. उमापूरच्या तरुणांनी ते लेखन आजच हाती घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.