भाऊंचा तोतया आणि दहा वेळा नऊ

मंडळी, ओळखचोरी हा प्रकार इंटरनेटबरोबर आला असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडची सगळ्यात गाजलेली केस 1776 सालची आहे! सदाशिवरावभाऊ 1761 ला पानिपतावर पडले, पण त्याची सगळ्यांना खात्री पटली नाही. त्याच फटीतून एक जण 'मीच भाऊ' म्हणत पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो तोतया ठरला, कैदेत गेला. 1776 मध्ये रत्नागिरीतून सुटला आणि कोकणात बंड माजलं. शेवटी त्याला पकडून पुण्यात देहदंड दिला.

तोतयाची सोय कशात? ज्याचं नाव घेतलंय तो तक्रार करायला येत नाही.

आता 2023 मध्ये या. आयुष्मान भारत योजनेवरचा कॅगचा अहवाल त्या ऑगस्टमध्ये संसदेत आला. आधी मृत म्हणून नोंदलेल्या 3,446 रुग्णांच्या उपचारांपोटी 6.97 कोटी रुपये दिले गेले होते. आणि जवळपास साडेसात लाख लाभार्थ्यांचा मोबाईल नंबर एकच: दहा वेळा 9! सरकारचं उत्तर होतं की ओळख आधारवरून पटते, नंबर फक्त संपर्कासाठी. ठीक. पण असे नंबर कसे येतात, हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही कळेल. रकाना सक्तीचा, समोरच्याकडे फोन नाही, मागे ही रांग... की ऑपरेटर नऊ दाबत सुटतो. फॉर्म खूश. पण उद्या त्या कार्डावर खोटं बिल लागलं तर मेसेज जाणार कुणाला?

राज्याची जीवनदायी योजना (आताची महात्मा फुले योजना) 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. परभणीची पाळी 2013 च्या नोव्हेंबरात आली. हे विमा संरक्षण माणशी नसतं, अख्ख्या कुटुंबाचं मिळून असतं. म्हणजे देवगाव फाट्यावरच्या एखाद्या आजीच्या नावावर न झालेलं ऑपरेशन दाखवलं, तर नातवाच्या खऱ्या ऑपरेशनला पैसे कमी पडू शकतात.

तेव्हा गावी गेलात की घरच्यांच्या कार्डाला कुणाचा नंबर जोडलाय ते बघा. आयुष्मान कार्डासाठी पैसे मागणाऱ्याला वाटेला लावा. ओटीपी फोनवर सांगायचा नाही, कोऱ्या कागदावर सही-अंगठा करायचा नाही, डिस्चार्जचा कागद मागून घ्यायचा. शंका आली तर 14555, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच 1930.

पेशव्यांकडे निदान भाऊंना ओळखणारी माणसं होती. कॉम्प्युटरला आजीचा चेहरा ठाऊक नाही. तिच्या वतीने 'ही मी नव्हे' म्हणायला आपलाच फोन वाजायला हवा.