टँडम स्कायडायव्हिंग: पॅराशूट नीट उघडलं नाही तर नेमकं काय होतं?

"दादा, समजा पॅराशूट उघडलंच नाही तर?"

अमेरिकेत शिकायला गेलेल्या माझ्या मावसबहिणीने वाढदिवसासाठी टँडम जंप बुक केली आणि रात्री अकरा वाजता हा मेसेज टाकला. "दुसरं असतं गं पाठीवर," एवढं लिहून मी मोकळा झालो. दहा मिनिटांत मावशीचा फोन! "तू उडी मारून आलास म्हणून ही नाचतेय. ते दुसरं कोण उघडतं, कधी उघडतं, ते आधी मला सांग."

खरं सांगायचं तर मी स्वतः उडी मारली तेव्हा मलाही हे माहीत नव्हतं. फॉर्मवर सही केली, व्हिडिओ बघितला आणि विमानात बसलो. उतरल्यावर डोक्यात प्रश्न सुरू झाले, मग मॅन्युअल्स आणि नियम वाचत बसलो. मावशीला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. माझी उडी अमेरिकेतली आणि बहिणीचीही तिकडचीच, म्हणून नियमही तिथलेच दिले आहेत.

पाठीवर नक्की काय काय असतं?

टँडममध्ये पॅसेंजरच्या अंगावर फक्त हार्नेस असतो, म्हणजे पट्ट्यांचा साज. पॅराशूट सगळी इन्स्ट्रक्टरच्या पाठीवर. एकाच बॅगेत दोन मोठी पॅराशूट असतात. एक मेन, दुसरं रिझर्व्ह. रिझर्व्ह म्हणजे छोटं, कामचलाऊ काहीतरी असेल असं मला वाटायचं. तसं नाही. दोन माणसांचं वजन त्यालाही पेलायचं असतं, त्यामुळे ते आकाराने जवळपास मेनच्या तोडीचं असतं.

याशिवाय एक तिसरं, लहान पॅराशूट असतं, त्याला ड्रोग म्हणतात. विमानातून बाहेर पडल्यावर काही सेकंदांत इन्स्ट्रक्टर ते हवेत सोडतो. दोन माणसं एकत्र पडली की वजन दुप्पट होतं पण हवेला अडवणारं अंग तेवढं वाढत नाही, त्यामुळे वेग ताशी २५० किमीच्या पुढे जाऊ शकतो. एवढ्या वेगात मेन उघडलं तर जबरदस्त झटका बसेल. ड्रोग तो वेग ताशी १९०-२०० किमीवर आणून ठेवतो. म्हणजे एकटा स्कायडायव्हर पडतो साधारण तेवढाच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बिल बूथ आणि टेड स्ट्राँग यांनी टँडमचे प्रयोग सुरू केले तेव्हा ड्रोग नव्हता. झटक्यांचा त्रास लक्षात आल्यावर तो आला.

मेन उघडायची वेळ झाली की इन्स्ट्रक्टर ड्रोग रिलीजचं हँडल ओढतो. मग ड्रोगच मेनला बॅगेतून बाहेर खेचतो. म्हणजे ब्रेक पण तोच आणि स्टार्टर पण तोच.

वेळेचा हिशोब

साधारण १३,००० फुटांवरून उडी मारली तर मेन ५,००० ते ५,५०० फुटांवर उघडतात. एवढ्या उंचावर का? मला तर अजून थोडं पडायला आवडलं असतं! पण हिशोब करून बघा. ताशी १९३ किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ५४ मीटर. या वेगाने ५,००० फुटांवरून जमिनीपर्यंत यायला फक्त २८ सेकंद लागतात. त्या २८ सेकंदांत मेन बिघडलंय हे ओळखायचं, ते सोडवता येतं का बघायचं, नाही तर टाकून द्यायचं, रिझर्व्ह उघडायचं आणि जमिनीवर उतरण्याइतकी उंचीही शिल्लक ठेवायची. ५,००० फूट हा आकडा त्यासाठी आहे.

माझ्या उडीत काय झालं

मेन उघडलं, झटका बसला, आणि आम्ही गोल फिरायला लागलो. मी वर बघितलं तर कापड छान फुगलेलं, पण दोऱ्यांना झोक्याच्या दोरीसारखा पीळ पडलेला. इन्स्ट्रक्टरने वरचे पट्टे दोन्ही हातांनी फाकवले आणि सायकल मारावी तसे पाय झाडले. दोन-तीन गिरक्यांत पीळ सुटला. मला वाटलं हा पैसे वसूल करायचा स्टंट आहे, मी तर ओरडून दादही दिली. त्याला लाइन ट्विस्ट म्हणतात हे नंतर कळलं. बऱ्याच वेळा होणारा, बहुतेक वेळा सुटणारा प्रकार.

उघडलेल्या मेनकडे बघून इन्स्ट्रक्टर मनात तीनच प्रश्न विचारतो. कापड पूर्ण उघडून चौकोनी झालंय का? वळवल्यावर वळतंय का? आणि उतरताना दोन्ही दोऱ्या खाली ओढल्यावर वेग कमी होतोय का? म्हणूनच पॅराशूट उघडल्यावर तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवतो आणि एकदा ब्रेक मारून बघतो. आपल्याला ती मजा वाटते, त्याची ती टेस्ट चाललेली असते.

यातलं एक जरी उत्तर नाही आलं आणि ठरलेल्या उंचीपर्यंत दुरुस्त झालं नाही, तर मेन टाकून द्यायचं. उदाहरणार्थ, एखादी दोरी कापडाच्या वरून गेली तर पॅराशूट मधे आवळून गिरक्या घ्यायला लागतं. कधी दोऱ्यांना गाठ बसते आणि ओढूनही सुटत नाही. कधी मेन आपल्या पिशवीतून बाहेरच येत नाही. ड्रोग सुटलाच नाही, तर त्यासाठी दुसरं रिलीज हँडल असतं. तेही चाललं नाही तर ड्रोग मागे तसाच असताना रिझर्व्ह उघडावं लागतं. हा प्रकार वाईट, कारण रिझर्व्ह त्यात अडकू शकतं. त्याचा नेमका क्रम बॅग बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि इन्स्ट्रक्टरने त्याचा जमिनीवर सराव केलेला असतो.

तीन कड्यांची करामत

दोन माणसं ज्याला लटकलीत, ते पॅराशूट हाताने सोडायचं कसं? वजन तर सगळं त्यावरच. इथे थ्री-रिंग नावाची यंत्रणा कामाला येते. तीही बिल बूथचीच, १९७० च्या दशकातली. मोठ्या कडीतून मधली कडी, मधलीतून छोटी, छोटीवरून एक कापडी फास आणि त्या फासात एक पिवळी केबल. प्रत्येक कडी तरफेसारखं काम करते, त्यामुळे ताण टप्प्याटप्प्याने कमी होत जातो आणि केबलपर्यंत अगदी थोडा पोहोचतो. उजवीकडचं हँडल ओढलं की केबल निसटते, तिन्ही कड्या एकामागून एक उलगडतात आणि मेन उडून जातं. मग डावीकडचं हँडल ओढलं की रिझर्व्ह.

मेन आणि रिझर्व्ह यांच्यामध्ये एक पट्टी जोडलेली असते, तिला आरएसएल म्हणतात. मेन निघून जाताना तीच रिझर्व्हची पिन ओढते. स्कायहुक नावाच्या सुधारित प्रकारात तर टाकून दिलेलं मेनच रिझर्व्हला बाहेर खेचून काढतं. कचऱ्यातून वीज केल्यासारखं! तरी इन्स्ट्रक्टर रिझर्व्हचं हँडल ओढतोच. पट्टीवर भरवसा ठेवून थांबायचं नसतं.

एएडी: ब्लेडवालं बॅरोमीटर

इन्स्ट्रक्टर बेशुद्ध झाला तर? मावशीचा हा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

बॅगेत एएडी नावाचं छोटं यंत्र असतं. सायप्रेस हे त्यातलं प्रसिद्ध मॉडेल, जर्मनीतल्या एअरटेक कंपनीने १९९१ मध्ये आणलेलं. आत बॅरोमीटर असतो, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर. काही फोनमध्येही तो असतो. तुमच्या फोनमध्ये असेल तर बॅरोमीटरचं ॲप उघडून लिफ्टने चौथ्या मजल्यावर जा, दाब सुमारे दीड हेक्टोपास्कलने कमी झालेला दिसेल. सायप्रेस हेच करतं. सकाळी जमिनीवर चालू केलं की तिथला दाब म्हणजे शून्य उंची असं धरतं आणि मग उंची आणि पडण्याचा वेग मोजत राहतं. टँडमच्या मॉडेलमध्ये साधारण १,९०० फुटांवर वेग अजून सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल, तर एक छोटी स्फोटक कळ ब्लेडला ढकलते, ब्लेड रिझर्व्ह बंद ठेवणारा दोरा कापतं आणि रिझर्व्ह उघडतं. कुणी हात लावायची गरज नाही.

पण मावशीला मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण उडी मारून आलेल्या अनेकांनाही ती माहीत नसते. या यंत्राच्या दोन अटी आहेत, उंची आणि वेग. समजा मेन अर्धवट उघडलंय, गिरक्या घेतंय आणि तुम्ही सेकंदाला २० मीटरने खाली येताय. ताशी ७२ किमी. या वेगाने जमिनीवर आदळणं जीवघेणं आहे, पण यंत्राच्या हिशोबात हा वेग ३५ च्या खाली, म्हणजे सगळं ठीक. ते गप्प बसणार. अशा वेळी मेन टाकायचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. "कॉम्प्युटर आहे ना" हे उत्तर अर्धंच खरं आहे ते यामुळे.

तपासणी: कोण, कधी, काय?

अमेरिकेतल्या नियमांनुसार टँडम इन्स्ट्रक्टरला किमान ३ वर्षांचा अनुभव आणि ५०० फ्रीफॉल उड्या लागतात, शिवाय त्या कंपनीच्या टँडम बॅगेचा कोर्स. बॅगेत चालू स्थितीतला एएडी सक्तीचा. रिझर्व्ह प्रमाणित रिगरनेच पॅक करायचं आणि उघडलं नसलं तरी दर १८० दिवसांनी पुन्हा तपासून पॅक करायचं. पिनजवळ दोऱ्याचं सील असतं आणि कार्डावर तारीख, सही. "रिझर्व्ह कधी पॅक केलंय?" असं विचारायला लाजू नका. चांगला इन्स्ट्रक्टर कार्ड काढून दाखवेल.

बॅग तीनदा तपासतात. अंगावर चढवण्याआधी, विमानात चढण्याआधी आणि उडी मारण्याआधी. डायव्हर लोक त्याला तीन-तीनची तपासणी म्हणतात: तीन कड्या, हार्नेसचे तीन पट्टे म्हणजे छाती आणि दोन मांड्या, आणि तीन हँडल. टँडममध्ये यात आपले चार हुक जोडा. दोन खांद्यांना, दोन कमरेला. विमानात इन्स्ट्रक्टर आपल्याला मांडीवर बसवून हे अडकवतो. कमरेचे पट्टे शेवटी इतके आवळतो की श्वास रोखल्यासारखं होतं. "थोडं सैल कर ना" असं मी म्हणालो होतो. तो हसला आणि अजून आवळलं. बरं केलं. पट्टे सैल राहिले तर पॅराशूट उघडताना माणूस हार्नेसमधून घसरू शकतो. म्हणून चारही हुकांचा "खट" आवाज स्वतः मोजा. एखादा ऐकू आला नाही तर बिनधास्त विचारा.

आपलं दुसरं काम शरीराचं. डोकं मागे, कंबर पुढे, पाय इन्स्ट्रक्टरच्या पायांमध्ये मागे वाकवलेले. फोटोत छान दिसावं म्हणून हे नाही. आपण पाय पोटाशी घेतले तर दोघं कुशीवर पडून गिरक्या घ्यायला लागतात आणि तशात सोडलेला ड्रोग अंगाला गुंडाळला जाऊ शकतो. हातांनी आपल्या हार्नेसचे पट्टेच धरायचे. घाबरून मागे हात टाकला आणि इन्स्ट्रक्टरचा हात किंवा हँडल धरलं, तर त्याचे महत्त्वाचे सेकंद जातात. उतरताना तो सांगेल तेव्हा पाय उचलायचे आणि उचलून ठेवायचे.

फोनवर बहिणीने शेवटी विचारलंच, "दादा, मोबाइल घेऊन गेले तर? रील माझंच मला शूट करायचंय." नाही गं बाई. खिशातला फोन फ्रीफॉलमध्ये निसटला तर खाली कुणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही, आणि हातात धरला तर तो हात हार्नेसवर राहत नाही. इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरचा कॅमेरासुद्धा दोऱ्यांत अडकू शकतो, म्हणून तो अनुभवी इन्स्ट्रक्टरच वापरतात. फोन लॉकरमध्ये ठेव, व्हिडिओचे पैसे वेगळे भर. मावशीने स्पीकरवरून लगेच सांगितलं, ते पैसे ती देणार.