आतड्याचा जुनाट आजार: सांभाळणाऱ्याचा थकवा कसा ओळखाल?

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याला सूज आणणारे दीर्घकालीन आजार. औषधांनी ते आटोक्यात राहतात, पण मध्येच उसळतात. जुलाब, पोटदुखी, शौचातून रक्त पुन्हा सुरू होतं.

घरचे का थकतात?
रुग्ण बरा असतानाही 'पुन्हा कधी?' ही धास्ती राहते. काहींना तिखट सोसत नाही, मग कोल्हापुरी रश्श्याशेजारी दुसरं भांडं चढतं. प्रवासात आधी स्वच्छतागृह शोधावं लागतं. विषय शौचाचा, त्यामुळे पाहुण्यांत बोलताही येत नाही.

कधी सावध व्हायचं?
दोन आठवडे झोप नीट नसेल, सतत चिडचिड किंवा रडू येत असेल तर. रुग्णाचा राग आला म्हणून स्वतःला दोष देऊ नका. तोही अनेकदा थकव्यातूनच येतो.

काय करायचं?
- औषधं आणण्यासारखं एक काम दुसऱ्याकडे कायमचं सोपवा.
- कोणत्या लक्षणांवर लगेच दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. धास्ती कमी होते.
- कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा.
- घरातून निघता येत नसेल तर १४४१६ लावा. 'टेलि-मानस' ही २०२२ पासूनची सरकारी हेल्पलाइन मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे. रुग्णाइतकीच ती तुमच्यासाठीही आहे.